कोकणातल्या घराला खाली काय घालावं – लादी की लाकूड?

पडवीतला
नमस्कार मंडळी. रत्नागिरीहून पावसला जाताना वाटेत आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि माजघरावर लाकडी माळा. ओटीला कोबा आहे तो भेगाळलाय, माजघरातली शहाबादी जागोजागी खचलीय आणि मागच्या पडवीत अजून मातीचीच जमीन आहे. आता निवृत्तीनंतर वर्षातला बराच काळ तिथेच काढायचा विचार आहे, म्हणून खालचं सगळं एकदाच नीट करून घ्यायचंय.
वाद असा की मला ओटीला आणि माजघराला खरं लाकूड हवंय. बहिणीकडे कॅनडात पाहिलं, ओकच्या पट्ट्या, अनवाणी चाललं की काय बरं वाटतं. बायको म्हणते सरळ लाद्या घाल, फडका मारला की झालं. गावचा मिस्त्री म्हणतो लाकूड नको, पण का ते धड सांगत नाही. मुंबईचा इंटिरियरवाला म्हणतो सगळं होतं, पैसे टाका. कोणी कोकणात, म्हणजे चार महिने पावसात निथळणाऱ्या घरात, लाकडी फ्लोरिंग करून वापरलंय का? काम दिवाळीनंतर काढायचंय, त्यामुळे घाई नाही.

बांगडा_फ्राय
खाली लाकूड घालतंस? मगे वाळवीक वेगळा आमंत्रण कित्याक, ती आपसूक येतली आणि गणपतीपर्यंत ऱ्हवतली. हाहा.

काजूबी
वहिनींना +१. विषय संपला, धागा बंद करा.

घाटावरचा
एवढं काय घाबरताय लोक? आमच्या कोल्हापुरात मित्राच्या बंगल्यात इंजिनीयर्ड वूड घातलंय, चांगली चार-पाच वर्षं झाली, झक्क आहे. पाऊस आमच्याकडेही पडतोच की.

सुरंगी
घाटावरचे दादा, जुलैत एकदा या आमच्याकडे गुहागरला आणि कपाटातला चामड्याचा पट्टा काढून बघा, हिरवा झालेला असतो. पाऊस किती पडतो त्यापेक्षा हवा सुकतच नाही हा प्रश्न आहे.
आमचा छोटा होमस्टे आहे. दिरांनी हौसेने खालच्या एका खोलीत लॅमिनेट घातलं होतं, लाकडासारखं दिसणारं, एकात एक अडकवायच्या पट्ट्यांचं. मे महिन्यात पाहुणे फोटो काढत होते. श्रावणात प्रत्येक सांध्याला कडा वर आल्या, पायाला लागायला लागल्या, कारण आतमध्ये लाकूड नसतंच, दाबलेला भुसा असतो, तो एकदा फुगला की परत खाली बसत नाही. शेवटी सगळं उचकटलं तेव्हा खालच्या फोमवर पाणी साठलेलं, आणि तो वास! आणि गंमत बघा, त्याच खोलीवरचा माळा सासऱ्यांच्याही आधीचा, सागवानी फळ्यांचा. कुठे मध्ये फट पडलीय तेवढीच, बाकी ठणठणीत.

पडवीतला
सुरंगीताई, हेच मला कळत नाहीये. माळ्याचं लाकूड टिकतं, खालचं टिकत नाही. घर तेच, हवा तीच. आणि मी लॅमिनेट नाही, खरं भरीव लाकूड म्हणतोय.

थंडीतला_मालवणी
मूळ मालवणचा, सध्या टोरांटोजवळ. इथल्या घरात हार्डवूड स्वतः ठोकलंय म्हणून दोन पैसे टाकतो.
तुमच्या बहिणीकडचं लाकूड जमिनीवर नसतं हो. घराखाली तळघर, त्यावर लाकडी तुळया, त्यावर प्लायवूड आणि त्याच्यावर पाऊण इंची ओकच्या पट्ट्या, एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून तिरक्या खिळ्यांनी ठोकलेल्या. पेट्या आणल्या की आधी खोलीतच ठेवतात म्हणजे लाकूड घरच्या हवेला रुळतं. भिंतीलगत अर्धा ते पाऊण इंच जागा मोकळी सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. घरातली हवा ३० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा म्हणून सांगतात. इथली तक्रार उलटी असते, हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की पट्ट्यांमध्ये फटी पडतात आणि आम्ही ह्युमिडिफायर लावून पाणी हवेत सोडतो. आमची आजी असती तर वेड्यात काढलं असतं.
आता थोडा हिशेब. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ५० टक्के आर्द्रतेला त्याच्यात साधारण ९ टक्के ओल असते, कोकणातल्या ८५-९० टक्क्यांत ती १७ च्या वर जाते. ओल १ टक्का वाढली की साग रुंदीत ०.१९ टक्का वाढतो आणि ओक ०.३६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. समजा उन्हाळा ते पावसाळा फक्त ६ टक्के फरक धरला तरी १२ फुटी खोलीत साग मिळून दीड इंचाला टेकतो आणि ओक तीन इंचाकडे जातो. एवढी जागा कोण सोडतं? मग पट्ट्या एकमेकींना रेटतात, कडा उचलतात नाहीतर मधेच उंटासारखी पाठ काढतात. लांबीत मात्र लाकूड जवळपास वाढत नाही, सगळा खेळ रुंदीचा.
माळ्याचं कोडंही यातच आहे. त्या फळ्यांना वरून खालून दोन्हीकडून वारा मिळतो, दोन्ही बाजू सारख्याच फुगतात आणि सारख्याच सुकतात, आणि जुन्या सुतारांनी फळ्या घट्ट चिकटवलेल्याच नसतात. जमिनीवरच्या पट्टीला खालून ओल आणि वरून पॉलिश. ती वाकडी होणारच.

काजूबी
तीन इंच?? म्हणजे दरवर्षी श्रावणात घर मोठं होणार, ग्रामपंचायत घरपट्टी वाढवेल.

घाटावरचा
बरं, ओक कटाप. पण इंजिनीयर्डचं काय? त्यात आडवे-उभे थर असतात त्यामुळे फुगत नाही.

थंडीतला_मालवणी
कमी फुगतं, फुगत नाही असं नाही. आणि वर खरं लाकूड पातळ असतं, दोन-चार मिलिमीटर. एकदा-दोनदा तासून पॉलिश होतं, मग संपलं. वरच्या मजल्यावर स्लॅब सुका असेल तर मी जरूर म्हणेन. जोत्यावर नाही.

गुण्या_ओळंबा
मी याच पट्ट्यात कामं घेतो, चिपळूण ते राजापूर. वरचा हिशेब बरोबर आहे, पण सगळे वर काय घालायचं तेच बोलताय, खाली काय आहे ते कोणी विचारलंच नाही. पडवीतला, तुमच्या माजघरातली शहाबादी खचली म्हणताय म्हणजे खाली नुसता भराव असणार, सोलिंग म्हणजे दगडांचा थर नाही, काँक्रीट नाही. जांभा म्हणजे छिद्रांचा दगड, जोत्यातलं पाणी वर ओढतो. त्यावर तुम्ही लाकूड घाला नाहीतर लाखाचं इटालियन मार्बल, ओल येणार.
वहिनींच्या बाजूने ज्यांनी मतं टाकली त्यांनाही सांगतो. व्हिट्रिफाइड लादी पाणी पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणून ती चांगली, आणि म्हणूनच ती जुन्या घरात त्रास देते. आधी मातीच्या जमिनीतून, कोब्यातून ओल थोडी थोडी सगळीकडून वर येऊन उडून जायची. आता तुम्ही सगळ्यावर झाकण घातलंत. ओल जाणार कुठे? सांध्यांतून आणि भिंतीतून. मग वर्षभरात भिंतींच्या खालच्या हातभर भागात पोपडे, स्कर्टिंगवर पांढरं मीठ आणि मालक म्हणतो गवंड्याने सिमेंट खाल्लं.
क्रम असा ठेवा. पहिलं, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या. पन्हळी लावा, घराभोवती गटार काढा, अंगणाचा उतार बाहेर ठेवा. निम्मी ओल इथेच थांबते आणि हे काम लोक पैसे वाचवायला गाळतात. दुसरं, जुनं सगळं उकरून भराव ठोकून घ्या, दगडाचं सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिक, २५० मायक्रॉनचं, जोडांवर फूटभर चढवून, मग काँक्रीट. वाळवीचं औषधही याच वेळी मारून घ्या, नंतर लाद्यांना भोकं पाडत बसावं लागतं. आणि भिंतीला आतून खालच्या भागात सिमेंटचं प्लास्टर नको, चुन्याचं करा, भिंतीला श्वास घेऊ द्या.
तिसरं, उंची आधी मोजा. जुन्या घराचा उंबरा ठरलेला असतो. नवीन थर चढवत गेलात की उंबरा गाडला जातो, दारं खालून तासावी लागतात आणि पडवीचं पाणी माजघरात येतं. म्हणून जुन्यावर नवीन चिकटवू नका.

सुरंगी
पागोळ्यांबद्दल अगदी अगदी. आमच्याकडे फक्त पन्हळ लावल्यावर एका पावसाळ्यात फरक दिसला.

पडवीतला
बाप रे. मी नुसतं सागवान की ओक एवढंच विचारायला आलो होतो. गुण्यादादा, आत्ता ओल किती आहे ते कळायला काही उपाय?

गुण्या_ओळंबा
कोब्यावर दीड फूट बाय दीड फूट स्वच्छ प्लास्टिक ठेवा, चारी कडा टेपने पक्क्या बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा, किमान १६ तास तरी जाऊ द्या. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळसर झाला तर ओल येतेय. ओटीला एक, माजघरात दोन ठिकाणी लावा. पण हे ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात केलंत तर सगळं कोरडं येईल आणि इंटिरियरवाला खूश होईल.
नवीन काँक्रीट केल्यावर त्यावर लाकूडबिकूड घालणार असाल तर इंचाला महिनाभर सुकू द्यायचं असा ढोबळ नियम, इकडच्या हवेत त्याहून जास्तच.

मातीचे_पाय
सगळे मिळून एका चांगल्या जमिनीची वाट लावताय. मागच्या पडवीची मातीची जमीन तरी ठेवा हो. चोपण्याने ठोकून शेणाने सारवलेली जमीन पावसात गार पडत नाही, उन्हात तापत नाही, गुडघे दुखत नाहीत, खचली तर घरच्या घरी नीट होते. पूर्वी गणपतीच्या आधी सगळ्या आळीत सारवणाचा वास असायचा.

काजूबी
सारवायचं कोणी? ते कोणी सांगत नाही. आमच्या आईने जन्मभर वाकून सारवलं, तिला विचारा वासाबद्दल. तिने पहिल्या लाद्या बसल्या त्या दिवशी पेढे वाटले होते.

मातीचे_पाय
काजूबी, पुरुषांनीही सारवावं की. मी सारवतो.

बांगडा_फ्राय
फोटू टाक. तेच्याशिवाय इश्वास नाय.

अवनी_ठाणे
थोडं वेगळं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तुम्ही निवृत्तीनंतर राहणार आहात म्हणून लिहिते. चकचकीत लाद्या आणि ओले पाय यांनी आमच्याकडे पेशंट येतात, खुब्याचं हाड मोडून. ओटी, पडवी, न्हाणी, स्वयंपाकघराचं मागचं दार इथे ग्लॉसी लादी घालूच नका. लादीवर आर ९, आर १० असे आकडे असतात, घसरण्याच्या कसोटीचे, जितका आकडा मोठा तितकी पकड जास्त. पाऊस आत येतो तिथे आर ११ बघा. दुकानात कोरडी लादी हाताने चाचपून काही कळत नाही, पाणी ओतून चप्पल काढून उभं राहा. दुकानदार बघत राहील, राहू दे.
आणि न्हाणीत उतार. मिस्त्रीसमोर बादली ओतून बघा, पाणी कोपऱ्यात थांबलं की तिथल्या तिथे सांगा.

घाटावरचा
मग कोटा घाला ना. नाहीतर तीच शहाबादी उकरून, खालचं नीट करून, परत बसवा. पॉलिश मारलं की नवीन दिसते. आमच्या वाड्यात तीच आहे.

गुण्या_ओळंबा
घाटावरचे, आज पहिल्यांदा कामाचं बोललात. शहाबादी जाड असेल तर उकरताना जपून काढली की बरीचशी वाचते, उलटी करून खालची बाजू वर घेऊन तासता येते. एकच, शहाबादी-कोटा हे चुनखडीचे दगड, त्यांच्यावर ॲसिड ओतायचं नाही. कामवाल्या बायका बाथरूमचं ॲसिड सगळीकडे फिरवतात, दगड पांढरट पडतो, लाद्यांच्या सांध्यातलं सिमेंटही खाल्लं जातं.

निवांत_खाडी
या सगळ्यावरून आठवलं. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहिलात ना? १९१० साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजासाठी बांधला. सागवानाच्या देशातला राजा, वाड्यात लाकडावरचं कोरीवकामही सुरेख, पण वरच्या नाचाच्या दालनाला पायाखाली संगमरवर. पडवीतला, राजाला जे जमलं नाही ते तुम्ही करायला निघालात.

पडवीतला
हाहा, हे बायकोला दाखवणार नाही. बरं एक शंका. आमच्या शेजाऱ्यांनी नवीन लाद्या घातल्यात, खाली प्लास्टिकही घातलंय म्हणतात, तरी जूनमध्ये लादीवर पाणी सुटतं, पाय उमटतात. ही ओल कुठली?

थंडीतला_मालवणी
ती खालून येत नाही, हवेतून येते. लादी गार असते, बाहेरून दमट उबदार वारा आत आला की गार बाटलीवर जसं पाणी धरतं तसं धरतं. पहिल्या पावसात, आणि मधे ऊन पडून परत ढग आले की जास्त. शेण-मातीची जमीन, कोबा तेवढी ओल पिऊन टाकतात म्हणून दिसत नाही. व्हिट्रिफाइड पीत नाही म्हणून दिसते. उपाय म्हणजे पंखा चालू ठेवा आणि गच्च बंद घर एकदम उघडू नका. लादी बदलून फरक पडत नाही.

मातीचे_पाय
म्हणजे माती पिते. धन्यवाद.

काजूबी
त्यांना आता कोणी आवरा.

मेघना_वेंगुर्ला
धागा वाचून लिहायला आले. आम्हाला लाकडाचाच लूक हवा होता म्हणून लाकडी पट्टीसारख्या दिसणाऱ्या लाद्या घातल्या, आठ इंच रुंद आणि चार फूट लांब. दिसायला छान, पाहुणे वाकून हात लावून बघतात. पण बसवताना भांडण झालं. मिस्त्री विटेच्या बांधकामासारखं अर्धी लादी सरकवून बसवत होता, प्रत्येक लादीच्या मध्यावर पुढच्या ओळीचा सांधा. एवढ्या लांब लाद्या मध्ये किंचित फुगीर असतात, त्यामुळे फुगीर मध्याशेजारी दुसरीची खालची कड येते आणि बोटाला ठेच लागते. कंपनीच्या पेटीवरच लिहिलं होतं, एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नये. पेटीवरचं वाचायची पद्धत नाही ना आपल्याकडे. पेटी नाकासमोर धरल्यावर ऐकलं.

गुण्या_ओळंबा
मेघनाताई, शाबास. त्या लाद्या नुसत्या सिमेंटच्या मालावर आणि रब्ब्यावर (सिमेंटच्या पातळ घोळावर) बसवूही नका, ॲडहेसिव्ह वापरा, दातेरी थापीने पसरून लादीच्या पाठीलाही लावायचं. पोकळ राहिली की टकटक वाजते आणि खाट सरकवली की कोपरा उडतो. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी काठीने वाजवत फिरा, जी वेगळी वाजेल तिच्यावर खडूने फुली.
अजून एक, जुन्या घरातली एकही खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. चारी भिंती चार दिशांना. भिंतीला धरून पहिली ओळ लावली की समोरच्या भिंतीपाशी लादीची पाचर होते आणि ती नेमकी दारातून दिसते. आधी खोलीच्या मध्यावर दोरी मारून माल न लावता कोरड्याच लाद्या मांडून बघा, तुकडे पलंगाखाली आणि कपाटामागे जातील असं फिरवा. मिस्त्री कुरकुरतो कारण अर्धा दिवस जातो. जाऊ द्या. आणि भिंतीलगत थोडी फट सोडायची लादीलाही, स्कर्टिंग झाकतं. गच्च बसवल्या की उन्हाळ्यात मधल्या दोन लाद्या तंबू करून वर येतात.

सुरंगी
एसपीसी म्हणून जे आलंय, दगडाची पूड आणि प्लास्टिक, त्याचं काय? आमच्याकडे एकजण मागे लागलाय, पाण्यात बुडवून दाखवतो.

गुण्या_ओळंबा
पट्टीला काही होत नाही, खरं आहे. पण सांध्यातून खाली गेलेलं पाणी नाहीतर खालून आलेली ओल तिथेच अडकते, तुमच्या दिरांच्या फोमसारखी. वरच्या खोलीला घाला, बिनधास्त. ओटीवर दुपारचं ऊन थेट येत असेल तर तिथे नको, तापून ताणतं.

पडवीतला
सगळ्यांचे आभार, खरंच. घरी बसून ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर हाणा. पन्हळी आणि गटार याच महिन्यात. ऑगस्टमध्ये प्लास्टिकची परीक्षा. दिवाळीनंतर माजघर आणि ओटी उकरून सोलिंग, प्लास्टिक, काँक्रीट. माजघरात जुनीच शहाबादी तासून परत. ओटीला मेघनाताईंसारख्या लाकडी दिसणाऱ्या पण खरखरीत लाद्या. स्वयंपाकघर बायकोच्या मनासारखं. मागची पडवी तूर्त मातीचीच (मातीचे_पाय, सारवायला या). आणि लाकडाची हौस माळ्यावर, जुन्या फळ्या घासून, कुजक्या बदलून नुसतं तेल लावणार. झोपाळा तुळईला टांगलेलाच आहे त्यामुळे ओटीवर त्याचा काही भार नाही.
शेवटचा प्रश्न, ओटीच्या लाद्यांचे सांधे भरायचं ग्राउट कुठल्या रंगाचं? दुकानदार हस्तिदंती म्हणतो.

काजूबी
हस्तिदंती?? तो कधी कोकणात चपला घालून फिरलाय का?

सुरंगी
अजिबात नको. आपली तांबडी माती सहा महिन्यांत सगळे सांधे भगवे करते, घासून जात नाही. गडद तपकिरी घ्या, लादीच्या रंगाच्या एक छटा खालचा. ओटीला आणि स्वयंपाकघराला जमलं तर इपॉक्सी ग्राउट, महाग आहे पण डाग पीत नाही. माळ्याच्या फळ्या बदलताना सुताराला सांगा सागाचा पांढरा भाग चालणार नाही, वाळवी तोच आधी खाते, आतला तपकिरी गाभाच हवा.

गुण्या_ओळंबा
इपॉक्सी लावणारा माणूस वेगळा बघा, ते लवकर सेट होतं, लादीवर राहिलं की काढताना जीव जातो. लाद्या मोजणीपेक्षा दहा टक्के जास्त मागवा आणि सगळ्या पेट्यांवर एकच बॅच नंबर आहे का ते टेम्पो उतरवतानाच बघा, नंतर आणलेल्या पेटीची छटा जुळत नाही. आंबा घाटातून येताना चार-सहा फुटतातच. आणि मिस्त्रीला आत्ताच बयाणा द्या, दिवाळीनंतर सगळे मुंबईकर एकदम घरं काढतात.

बांगडा_फ्राय
उरलेले लादये माका देवा. कुत्र्याच्या घराक व्हये, तेकाव लाकडाचोच लूक व्हयो आसा.